दुसरा किलो: घरगुती मसाल्याचा धंदा गर्दीत कसा टिकवायचा

मार्च उजाडला की आमच्या कराडात दर तिसऱ्या गच्चीवर मिरच्या वाळत असतात. जिन्यावरून जाता-येता ठसका लागतो. त्या गच्च्यांवरच्या निदान एकीच्या तरी मनात येतंच, की एवढा कुटाणा घरच्यासाठी करतोच आहोत, तर चार किलो जास्त करून विकायला काय हरकत आहे? एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घरगुती कांदा-लसूण मसाला, ऑर्डरप्रमाणे करून मिळेल’ अशा पाट्या झळकू लागतात. पुढच्या एप्रिलला त्यातल्या बऱ्याच पाट्या दिसत नाहीत.

मी आणि माझ्या जाऊबाईंनीही असाच सुरू केला. पहिल्या वर्षी चाळीस किलो गेला आणि आम्ही हवेत. नणंदेनं घेतला, शेजारच्या काकूंनी घेतला, शाळेतल्या मैत्रिणींनी घेतला. तो मसाला नव्हे, आमची भीड विकली गेली होती, हे कळायला दुसरं वर्ष यावं लागलं. पहिला किलो ओळखीवर जातो. तोच माणूस न सांगता परत येऊन दुसरा किलो मागतो, तेव्हा तुमचा धंदा सुरू झाला असं धरा. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या दुसऱ्या किलोसाठी आहे. उदाहरण मसाल्याचं आहे, कारण मला तेच येतं. पापड, लोणची, फराळ, पोळी-भाजी यांतलं काहीही करणार असाल तरी बरंचसं लागू पडेल.

पहिलं काम: दुसऱ्यांचा मसाला विकत आणा

आपला मसाला करायच्या आधी बाजारातला आणा. तीन नामांकित कंपन्यांची पाकिटं, दोन बचत गटांची आणि एक गल्लीतल्याच कोणाचा तरी. पाव-पाव किलो पुरे. आणि बोटानं चाखून मत बनवू नका. मसाला चाटून कळत नाही, तो रश्श्यात कळतो. एकाच दिवशी, एकाच तेलात, सारखेच बटाटे घेऊन सहा छोट्या पातेल्यांत रस्सा करा. सगळ्यांत मसाला वजनानं सारखा, मीठ अजिबात नाही. मग बघा: तर्री कोणत्या रंगाची आली, वास उकळताना आला की ताटात वाढल्यावर, तिखट जिभेच्या शेंड्यावर लागतं की घशात उतरून, आणि मीठ न घालताही रस्सा खारट कोणाचा झाला. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंच, ते टिकवतं. पण मीठ स्वस्त आणि वजनदार असल्यानं कोणी हात सैल सोडलाय, तेही इथेच दिसतं.

आमच्या या चाचणीत एक गोष्ट लक्षात आली. मोठ्या कंपन्यांचा मसाला वाईट नव्हता. उलट दर पाकिटाला तोच होता. गिरगावचे बेडेकर १९१० पासून आणि पुण्याचे प्रवीण मसालेवाले १९६२ पासून या धंद्यात आहेत. त्यांच्याशी भावात बरोबरी करायला जाल तर पहिल्याच उन्हाळ्यात गाशा गुंडाळाल. ते मिरची ट्रकनं घेतात, आपण पोत्यानं. ते जे करू शकत नाहीत ते आपण करू शकतो: परवा कुटलेला मसाला आज हातात देणं, आणि एका तालुक्याची चव तशीच्या तशी ठेवणं. त्यांना सांगलीपासून नागपूरपर्यंत चालेल असं काहीतरी मधलं करावं लागतं.

दुसरं काम: कोणाला विकायचा ते एकदाच ठरवा

‘सगळ्यांना’ हे उत्तर नव्हे. ढोबळमानानं तीन गिऱ्हाईकं असतात. एक, खानावळी आणि मिसळवाले: माल भरपूर घेतात, भाव पाडतात, पैसे थकवतात, आणि त्यांना सुवासापेक्षा रंग आणि तिखट हवं असतं. दोन, गावातली घरं, जिथे आजही कोणीतरी स्वतः मसाला करू शकतं, त्यामुळे तुमच्या मसाल्याची तुलना थेट सासूबाईंशी होते. तीन, गावाकडून पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं. त्यांना गच्ची नाही, वेळ नाही, मसाला कुटून देणारा डंख जवळ नाही, पण जीभ गावाकडचीच आहे. आम्ही तिसरं गिऱ्हाईक धरलं. ते भावावरून घासाघीस फार करत नाही, पण चव जरा हलली की त्याला बरोबर कळतं.

गिऱ्हाईक ठरलं की माल आपोआप ठरतो. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. कांदा-लसूण, गोडा, काळा, मालवणी, कोल्हापुरी, वर तीन चटण्या आणि मेतकूट, असा फलक पहिल्याच महिन्यात लागतो. एकेका प्रकाराची पाच-पाच पाकिटं पडून राहतात आणि त्यातली निम्मी खवट होतात. पहिलं वर्ष एकच मसाला करा. एकच.

आणि त्या एकाचीही एकच प्रत. हे सांगताना मला नेहमी लिज्जतची सुरुवात आठवते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशीची चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी, म्हणजे छगनबाप्पांनी, सांगितलं की पापड एकाच प्रतीचा करा, दर्जात तडजोड नको, आणि हिशेब चोख ठेवा. आता लिज्जतचं कौतुक सगळेच करतात, पण ही दोन प्रतींची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. नव्या धंद्याला तर तीच कामाची आहे. तुमच्याकडे ‘साधा’ आणि ‘स्पेशल’ असे दोन मसाले असले, की साधा घेणाऱ्याला वाटतं आपल्याला कमअस्सल मिळालं आणि स्पेशल घेणाऱ्याला वाटतं आपल्याला लुटलं.

तिसरं काम: मूठ आणि चिमूट ग्रॅममध्ये उतरवा

आमच्या सासूबाईंच्या हातचा मसाला पंचक्रोशीत नावाजलेला. प्रमाण विचारलं तर म्हणायच्या, ‘अंदाजानं घालायचं.’ घरी ते चालतं. विकायला बसल्यावर अंदाज हाच शत्रू. त्या भाजत होत्या तेव्हा आम्ही ताटाखाली वजनकाटा ठेवला आणि त्यांनी घातलेली प्रत्येक मूठ मोजली. त्या वैतागल्या, पण वही तयार झाली.

वहीत काय काय हवं? मिरची कोणती, कुठून आणली, देठ काढण्याआधी किती आणि नंतर किती, ऊन किती दिवस दिलं. ब्याडगी रंगाला, कारण ती सुरकुतलेली, लालभडक आणि तिखटाला बेताची. संकेश्वरी चवीला आणि झणक्याला. लवंगी किंवा गुंटूर निव्वळ तिखटाला. या तिघींचं प्रमाण म्हणजे तुमच्या मसाल्याचा चेहरा. ते वर्षभर हलता कामा नये. मग धणे, खोबरं, तीळ, खसखस, आणि खडा मसाला: दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, मसाला वेलची, शहाजिरे, हिंग. प्रत्येकाचं वजन, भाजण्याचा क्रम आणि तेल. कांदा किती लाल केला हे शब्दात लिहिता येत नाही, त्याचा फोटो काढून वहीत चिकटवा. हा वेडेपणा वाटेल, पण पुढे मदतीला बाई ठेवाल तेव्हा तोच फोटो तुमच्या जागी उभा राहतो.

मिरची ओलसर असेल तर भावाच्या मोहात पडू नका. दमट मिरचीला बुरशी लागते. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. मूठभर मिरच्या घेऊन दाबा: चांगल्या वाळलेल्या खुळखुळतात आणि तडकतात, ओल्या नुसत्या वाकतात. काही देठं मोडून आत काळं-पांढरं दिसतंय का बघा. आणि तिखट पूड तयार कधीच आणू नका. अख्खी मिरची खोटं बोलत नाही. मसाल्यात वरून रंग घालायला कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळे ‘थोडा रंग टाकला की उठाव येतो’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी केलेल्या मसाल्याला, एक आकडा द्या आणि त्यातलं शंभर ग्रॅम बरणीत, चिठ्ठी लावून, बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी कोणी फोन करून म्हणालं की यंदाचा मसाला वेगळा लागतोय, तर वाद घालायचा नाही. बरणी उघडायची आणि रस्सा करायचा.

इथे आमची चूक सांगते. तिसऱ्या वर्षी संकेश्वरी मिरचीचा भाव इतका चढला की हातात काही उरेना. एका व्यापाऱ्यानं ‘दिसायला तशीच’ म्हणून दुसरी मिरची दिली आणि आम्ही निम्मी ती घातली. घरच्यांना फरक कळला नाही. गिऱ्हाइकांकडून एकही तक्रार आली नाही. आम्ही खूश. दिवाळीनंतर वही चाळली तेव्हा दिसलं की दरवर्षी दोन-तीनदा मागवणाऱ्या चौदा घरांनी त्या वर्षी एकदाच मागवला होता. बिघडलेल्या मालाची तक्रार करणारा माणूस देवमाणूस असतो. बाकीचे काही बोलत नाहीत, ते निघून जातात. भाव वाढवून आधी सांगितलं असतं तर त्यातले दहा तरी राहिले असते, असं जाऊबाई अजून म्हणतात. मला वाटतं बारा राहिले असते.

चौथं काम: खरा खर्च काढा

इथे जरा थांबून, कागद-पेन घेऊन बसा. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बाजारातले घाला.

दहा किलो मिरची, सरासरी २८० रुपये किलो: २,८००. दोन किलो खोबरं: ६००. अडीच किलो धणे: ४००. पाच किलो कांदा: १५०. अडीच किलो लसूण: ४००. दोन किलो मीठ: ५०. एक किलो तीळ: २००. पाव किलो खसखस: ४००. दीड किलो खडा मसाला: १,५००. दोन लिटर तेल: ३००. झाले ६,८०० रुपये. कच्चा माल एवढा दिसत असला तरी देठं, बिया, कांद्याचं पाणी, डंखाला चिकटलेलं, उडालेलं, हे सगळं वजा जाऊन हातात साधारण वीस किलो मसाला येतो असं धरू. म्हणजे किलोला ३४० रुपये. कांडपाचे किलोला ४० आणि अर्ध्या किलोच्या दोन पिशव्यांचे १६ मिळवले की ३९६. बहुतेक जणी इथे थांबतात. चारशेला पडला, पाचशेला विकला, शंभर सुटले.

सुटले नाहीत. देठं काढणं, भाजणं, निवडणं, पाकिटं भरणं यात दोन बायकांचे तीन दिवस गेले. दिवसाला ४०० धरले तर २,४००, म्हणजे किलोला १२०. ‘आम्ही घरच्याच आहोत’ असं म्हणून ही रक्कम सोडू नका. तुम्ही आजारी पडलात तर ते काम पैसे देऊनच करून घ्यावं लागेल. गॅस, वीज, बाजाराचं भाडं: किलोला २०. नमुने, फुटलेली पाकिटं, वजनात सैल गेलेला हात: २४. आता बेरीज ५६० होते. पाचशेला विकणारी बाई दर किलोला साठ रुपये स्वतःच्या घामातून गिऱ्हाइकाला भेट देते आहे.

आता भाव ७०० ठेवला असं समजा. घरून विकला तर १४० सुटतात. पण दुकानदारानं छापील किमतीवर २० टक्के मागितले तर ७०० वर तेही बरोबर १४० होतात. त्याच्या वाट्याला तेवढे गेले की तुमच्या हातात ५६०, म्हणजे मजुरीच्या वर एक पैसाही सुटला नाही. म्हणून दुकानात ठेवायचा असेल तर त्याचा विचार भाव छापण्याआधी करायचा. नंतर वाढवला तर घरून घेणारे विचारतात, मागच्या महिन्यात तर कमी होता?

आणि उधारी. घरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणजे नाही. हसून सांगायचं, ‘मिरचीवाला मला देत नाही हो.’ दुकानदार ‘पाकिटं ठेवून जा, विकली की पैसे’ म्हणतो, तेव्हा दहापेक्षा जास्त ठेवू नका आणि पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन मोजा. फळीवर उन्हात पडलेलं तुमचं पाकीट नवीन गिऱ्हाइकाच्या हातात पडलं, तर खवट मसाला दुकानदाराच्या नव्हे, तुमच्या नावावर जमा होतो.

पाचवं काम: कागद

हे पटकन सांगते, कारण याचा बाऊ फार होतो. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, घरून विकला तरी. लहान धंद्यासाठी मोठा परवाना नाही, साधी नोंदणी पुरते. ती फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर होते. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. ‘करून देतो’ म्हणून दीड-दोन हजार मागणाऱ्या साइट सरकारी दिसतात, पण नसतात. जीएसटीची मर्यादा वस्तूंच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे सुरुवातीला गरज पडत नाही. एक फट मात्र लक्षात ठेवा: राज्याबाहेर माल विकलात तर ही सूट राहत नाही. बेळगावच्या आत्याला भेट पाठवणं वेगळं, बेळगावच्या गिऱ्हाइकाला बिल करून पाठवणं वेगळं.

पाकिटावर काय हवं? मालाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, पोषणमूल्यं, शाकाहारी असल्याचा चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, घाण्याचा क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. मराठीत जरूर छापा, पण तेवढंच चालत नाही. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. पाकिटं पाच हजार छापून मग हे कळलेले लोक मी पाहिलेत. पहिल्या वर्षी कोऱ्या पिशव्या घ्या आणि चिकटवायची लेबलं शंभर-शंभर छापा.

नाव घरच्या देवाचं किंवा मुलीचं ठेवण्याआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर तीसाव्या वर्गात शोधून बघा, मसाले त्यात येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. पहिल्याच दिवशी भरायची घाई नको, पण दुसऱ्याचं नाव नकळत लावून बसू नका. नाव सुचत नसेल तर ताण घेऊ नका. लिज्जत हे नावसुद्धा पहिल्या दिवसापासून नव्हतं, ते १९६२ साली पाच रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा ठेवून निवडलं गेलं. तीन वर्षं पापड नावाशिवायच विकले जात होते.

कर्ज काढायचं असेल तर आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची चौकशी करा. केंद्राच्या या योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं गेलं. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेऊ नका. पहिली दोन वर्षं भाड्याचा डंख पुरतो.

सहावं काम: पन्नास घरं आणि एक वही

जाहिरातीचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. पहिल्या वर्षी पन्नास घरं पुरेत. त्यांना चाखायला चिमूटभर देऊ नका, पन्नास ग्रॅमची पुडी द्या, दोन भाज्या होतील एवढी. पुडीवर लिहा: चार माणसांच्या रश्श्याला दोन चमचे, तेलात मंद आचेवर परतून. बाजारच्या मसाल्याची सवय असलेली माणसं ताजा मसाला त्याच मापानं घालतात, भाजी जाळ होते, आणि दोष मसाल्याला येतो. मला विचाराल तर ही एक ओळ कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे.

मग वही. प्रत्येक घराला एक पान. वर नाव आणि गाव कोणतं, खाली तारीख आणि किती घेतला. गाव का? कारण पाटणकडच्या माणसाला वाळव्याचा मसाला आणि वाळव्याच्या माणसाला पाटणचा मसाला पसंत पडेलच असं नाही, आणि कोणता पट्टा तुमच्याकडे परत येतो हे सहा महिन्यांत कळतं. ते कळलं की तिकडेच जोर लावायचा. आमच्या वहीत कराड-पाटणची माणसं परत येत होती, मिरजेकडची येत नव्हती. आम्ही मिरजेकडे जाणं सोडून दिलं. जाऊबाईंना ते पटलं नव्हतं.

अर्धा किलो घेतलेल्या घराला पंचवीस-तीस दिवसांनी फोन करा. ‘अजून देऊ का?’ असं विचारायचं नाही. विचारायचं, ‘तिखट कसं वाटलं?’ माणसं खरं बोलतात, पण विक्रीचा वास आला की गोड बोलतात. उत्तर पानावर त्यांच्याच शब्दात लिहा. ‘बरा आहे’ म्हणजे परत येणार नाही. ‘आमच्या आईच्या मसाल्यात दगडफूल जास्त असायचं’ म्हणजे येणार, कारण ती तुलना करते आहे. पण तिच्या सांगण्यावरून लगेच दगडफूल वाढवू नका. अशी पाच पानं भरली तर विचार करा. एकेका गिऱ्हाइकाच्या जिभेमागे गेलात की चव रोज बदलेल आणि कोणाचीच राहणार नाही.

सूट शक्यतो देऊ नका. ‘दोन किलोवर शंभर कमी’ म्हटलं की माणूस दोन किलो नेतो, दुसरा किलो तिसऱ्या महिन्यात खवट होतो आणि चौथ्या महिन्यात तुमचं नाव निघतं. त्याऐवजी म्हणा, अर्धाच किलो न्या, ताजा परत देते. ही मुरड घालणं सुरुवातीला जिवावर येतं.

सातवं काम: पावसाळा

उन्हाळ्यात सगळेच मसाला विकतात. गर्दीतून वेगळं व्हायची खरी संधी जुलैत असते, जेव्हा ऊन नाही, मिरची सादळते आणि गच्चीवरच्या सगळ्या दुकानांना कुलूप लागतं. लिज्जतच्या बायकांनाही पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं, पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. लाखमोलाची युक्ती, यंत्र नव्हे.

आमची खाट अशी: मिरची एप्रिलमध्येच देठं काढून, कडकडीत वाळवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरतो. धणे आणि खडा मसालाही तेव्हाच. मिरची-धण्याचा कोरडा भाग दोन महिन्यांतून एकदा कुटतो. खोबरं, तीळ, कांदा, लसूण हा तेलकट भाग मात्र लागेल तसा, महिन्याच्या महिन्याला भाजून मिसळतो. मसाला खवट होतो तो प्रामुख्यानं खोबऱ्याच्या तेलामुळे, मिरचीमुळे नव्हे. हे कळल्यापासून आमचं गौरी-गणपतीच्या आधीचं पाकीटही ताजंच असतं. पुण्यातल्या घरांमध्ये जूनमध्ये भरलेला वर्षाचा मसाला त्या सुमाराला संपत आलेला असतो किंवा वास मारू लागलेला असतो. नेमका तेव्हा फोन वाजतो.

अडचण एकच, भांडवल. एप्रिलमध्ये पैसा मिरचीत अडकतो आणि दिवाळीपर्यंत थेंबा-थेंबानं परत येतो. म्हणून पहिल्या वर्षी पन्नास घरांच्या वर जाऊ नका असं म्हटलं. पन्नास घरांना वर्षाला सरासरी तीन किलो धरले तरी दीडशे किलो झाले. वरच्या हिशेबानं ५१,००० रुपयांचा कच्चा माल. घरातलं सोनं न मोडता एवढं जमतं.

वाढवायचं कधी?

घाई करणारे लोक तुम्हाला भेटतील. कोणी म्हणेल लोणचं करा, कोणी म्हणेल अमेझॉनवर टाका. लिज्जतनं पुढे काड्यापेट्या, अगरबत्त्या, चामड्याच्या वस्तू असेही प्रयोग करून पाहिले आणि ते जमले नाहीत. पण पीठ एका ठिकाणी मळायचं, लाट्या सभासद बहिणींना वाटायच्या, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड तपासून घ्यायचे आणि मजुरी लगेच द्यायची, ही पापडाची पद्धत त्यांनी पक्की धरली, आणि पापड चालला. जमेल तेवढं दुसऱ्या हातांवर सोपवा, पण जिथे चव ठरते ते काम एका जागी ठेवा. आमच्याकडे निवडणं, देठं काढणं, पाकिटं भरणं गल्लीतल्या चार जणी करतात. भाजणं आम्हीच करतो. सासूबाई आता ओट्यापाशी उभ्या राहत नाहीत, खुर्ची टाकून बसतात आणि वासावरूनच सांगतात, ‘खोबरं उतरव.’

आमच्या वहीत प्रत्येक पानावर आडवी रेघ आहे. पहिली खरेदी रेघेच्या वर, दुसऱ्यापासूनच्या खाली. वर्षाअखेरीला आम्ही रेघेखालची पानं मोजतो. पहिल्या वर्षी चाळीसपैकी अकरा होती. यंदा पुढचा मसाला घालायचा की नाही, आणि मुलगा म्हणतो तसा गोडा मसाला सुरू करायचा का, हे त्या मोजणीवर ठरणार आहे. ती अजून व्हायची आहे, कारण वही जाऊबाईंकडे आहे आणि त्या माहेरी गेल्यात.